दिनविशेष : ७ जुलै १९५९

पश्चिम बर्लिनमधील नववा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव या दिवशी संपला. जे. ली थॉम्प्सन दिग्दर्शित ‘टायगर बे’ या ब्रिटिश गुन्हेगारीपटातील गिलीच्या भूमिकेसाठी १३ वर्षांच्या हेली मिल्सला त्यात खास पारितोषिक मिळाले. कार्डिफच्या बंदरवस्तीतली गिली दारातल्या टपालाच्या फटीतून खून पाहते, पिस्तूल पळवते आणि पोलिसांना बेधडक थापा मारते. तपास अधिकाऱ्याच्या भूमिकेत हेलीचे वडील जॉन मिल्सच होते, त्यामुळे उलटतपासणीला वेगळीच धार आली.

बालसाक्षीदार म्हणजे भेदरलेले, निरागस लेकरू, हा साचा या चित्रपटाने मोडला. गिलीला सारे नीट आठवते. मात्र खुनी पोलिश खलाशी तिचा दोस्त होतो आणि ती त्याच्यासाठी सत्य दडवते. मुलांच्या साक्षीत स्मरणशक्तीइतकाच जिव्हाळाही तपासावा लागतो, ही अडचण आजच्या तपास यंत्रणांनाही चुकलेली नाही.

चित्रपटाला दस्तऐवजाचेही मोल आहे. देशोदेशीच्या खलाशी कुटुंबांची ही वस्ती त्यात प्रत्यक्ष दिसते; १९६०च्या दशकातील पुनर्विकासात तिथल्या बऱ्याच जुन्या गल्ल्या पाडल्या गेल्या.