१९७४ चा ड्राफ्ट: चार नवखे आणि चार सुपर बोल

आजचा फुटबॉल गोल चेंडूचा नाही बरं का. हा अमेरिकेतला, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. आणि प्रश्न साधा आहे: कॉलेजातून नुकती आलेली पोरं एखाद्या व्यावसायिक संघाला किती तारू शकतात?

आधी पद्धत समजून घेऊ. तिथे आयपीएलसारखा लिलाव नसतो. १९३० च्या दशकात चांगली पोरं बलाढ्य संघांकडे जायची आणि दुबळे संघ मार खात राहायचे. फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी तोडगा सुचवला: जो संघ सगळ्यात खाली, त्याला पहिली निवड. १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. गंमत बघा, त्यात पहिल्या नंबरवर निवडलेला जे बर्वँगर एनएफएलचा एकही सामना खेळला नाही!

आता येऊ पिट्सबर्गला. स्टीलर्स हा संघ १९३३ पासूनचा, पण चाळीस वर्षांत एकही विजेतेपद नाही. १९६९ मध्ये चक नोल प्रशिक्षक झाले. पहिल्याच वर्षी १४ पैकी १३ सामने हरले. पण नोल यांनी घाई केली नाही. दरवर्षी ड्राफ्टमधून एकेक वीट रचली: १९६९ ला जो ग्रीन, १९७० ला टेरी ब्रॅडशॉ, १९७२ ला फ्रँको हॅरिस.

आणि मग आलं १९७४. एकाच ड्राफ्टमध्ये स्टीलर्सनी लिन स्वॉन, जॅक लॅम्बर्ट, जॉन स्टॉलवर्थ आणि माइक वेबस्टर असे चौघे उचलले. पुढे चौघेही हॉल ऑफ फेममध्ये गेले. यातला वेबस्टर तर पाचव्या फेरीत, १२५ व्या नंबरवर मिळाला. स्टॉलवर्थ अलाबामातल्या एका कृष्णवर्णीय कॉलेजचा. बाकीचे संघ अशा कॉलेजांकडे फारसं बघत नसत. स्टीलर्सकडे मात्र बिल नन होते. पूर्वी कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रात क्रीडा पत्रकार असल्यामुळे त्यांना ही कॉलेजं तोंडपाठ होती.

त्याच मोसमात, जानेवारी १९७५ मध्ये, स्टीलर्सनी मिनेसोटाला १६-६ हरवून पहिला सुपर बोल जिंकला. मग पोरांनीच जिंकून दिला का? खरं सांगू? नाही. चौघांपैकी एकटा लॅम्बर्ट पहिल्या वर्षी नियमित खेळला, तेही जुना खेळाडू जखमी झाला म्हणून. स्वॉन आणि स्टॉलवर्थला मोजकेच झेल मिळाले आणि वेबस्टर बहुतेक वेळ राखीव होता. सामना जिंकला तो आधीच्या पाच वर्षांत रचलेल्या भिंतीने. नवख्यांचं खरं पीक नंतर आलं. पुढच्याच सुपर बोलमध्ये स्वॉन सामन्याचा मानकरी ठरला आणि सहा मोसमांत एकूण चार विजेतेपदं आली.

उलट उदाहरण टँपा बेचं. १९७६ मध्ये या नव्या कोऱ्या संघाने पहिल्या नंबरवर ली रॉय सेल्मन घेतला. हाही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण त्या वर्षी संघ सगळेच्या सगळे १४ सामने हरला! अस्सल हिरा होता, पण कोंदणच नव्हतं. तीन वर्षांनी बाकीचा संघ उभा राहिला, तेव्हा हाच टँपा बे सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे पोचला.

म्हणजे नवखी पोरं ही पेरणी आहे. पहिल्याच पावसात कापणी मागायची नसते.

पण या हिशोबात एक रकाना कायम सुटतो. वेबस्टर पिट्सबर्गसाठी १५ मोसम खेळला. जागा सेंटरची, म्हणजे प्रत्येक चालीला समोरच्या धिप्पाड गड्याशी डोक्याला डोकं. २००२ मध्ये, वयाच्या ५० व्या वर्षी तो गेला. शेवटची वर्षं स्मृतिभ्रंशात आणि हलाखीत गेली होती. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा वारंवार बसलेल्या आघातांचा आजार सापडला. एनएफएलच्या खेळाडूमध्ये हे निदान पहिल्यांदाच झालं होतं.

१२५ व्या नंबरच्या पोराने संघाला चार सुपर बोल मिळवून दिले. त्याचा संघाला किती उपयोग झाला, हे आपण मोजलं. संघाचा त्याला किती झाला, हे तुम्हीच ठरवा. भेटू पुढच्या भागात!