जिन, जिण आणि जिनिंग : कारंज्यातील शब्दक्रमाचा इतिहास

एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द एकाखाली एक मांडून त्यांचे अर्थ देण्याची रीत आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधीकाळी शिकवावी लागली असेल, अशी शंकाही कोश चाळणाऱ्याच्या मनात येत नाही. इंग्लंडात १६०४ साली रॉबर्ट कॉड्री या शाळामास्तराने कठीण इंग्रजी शब्दांची वर्णानुक्रमी सूची छापली, तेव्हा त्याला वाचकासाठी एक सूचना जोडावी लागली होती : आधी वर्णमाला पाठ करावी, ‘ए’ने सुरू होणारा शब्द आरंभी शोधावा, ‘व्ही’ने सुरू होणारा शेवटाकडे शोधावा आणि पहिले अक्षर तेच असेल तर दुसऱ्या अक्षराकडे पाहावे. या क्रमाला शब्दाच्या अर्थाशी काही देणेघेणे नसते. तो केवळ लेखनावर चालतो, म्हणून सख्खे शब्द दूर पडतात आणि एकमेकांची ओळखही नसलेले शब्द शेजारी नांदतात. वाशिम जिल्ह्यातील कारंजा लाड या गावात हा प्रकार जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल, कारण तेथे इंग्रजी शब्द घेऊन आलेला कापसाचा बाजार आणि अपभ्रंश शब्द जपणारी जैन ग्रंथभांडारे एकाच वस्तीत होती.

निजामाने १८५३च्या तहान्वये वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले आणि त्या प्रांताचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाच्या देखरेखीखाली चालू लागला. जेम्स मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला होता आणि त्यानेच हाती घेतलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीने १८४७ साली पुरा केला होता. म्हणजे वऱ्हाडात इंग्रजी अंमल आला तेव्हा त्या भाषेचे मराठी अर्थ सांगणारे साधन तयार होते. परंतु वऱ्हाडी शेतकऱ्याने इंग्रजी शब्द कोशातून उचलले नाहीत, ते त्याला कचेरीत आणि बाजारात ऐकू आले. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ साली रेसिडेंटाच्या हुकमाने नियंत्रणाखाली आला आणि तो देशातील पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. नियंत्रित बाजार म्हणजे ज्याच्या जागेवर, मापावर आणि अडतीवर सरकारी नियमांची देखरेख असते असा बाजार. पुढे १८९७ साली सबंध वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, त्यातून बाजार समित्या उभ्या राहिल्या, आणि अडत्या, मापारी, हमाल, हर्रास या जुन्या शब्दांच्या जोडीला कमिटी, कमिशन, चेअरमन, सर्टिफिकेट, चेक असे नवे शब्द येऊन बसले.

हे नवे शब्द इंग्रजी कोशात ‘सी’ या एकाच अक्षराखाली सापडतात. कॉटन, कलेक्टर, सर्कल आणि सिव्हिल हेही त्यांचेच शेजारी. मराठीत लिहिताच मात्र या रांगेचे तीन तुकडे होतात : कॉटन, कमिटी, कलेक्टर ‘क’मध्ये जातात, सर्कल, सर्टिफिकेट, सिव्हिल ‘स’मध्ये आणि चेक, चेअरमन ‘च’मध्ये. इंग्रजीने फ्रेंच व लॅटिन भाषांतून आलेल्या शब्दांचे जुने लेखन राखले आणि उच्चार बदलू दिला, तर देवनागरी उच्चाराच्या मागे जाते, हे या फाटाफुटीचे कारण होय. उगमाच्या दृष्टीने पाहिले तर ‘सी’खालची मूळ रांगही एका घराण्याची नव्हतीच. ‘कॉटन’ अरबीतून युरोपात गेला. ‘चेक’ बुद्धिबळाच्या पटावरून आला असून त्याचे मूळ फारसी ‘शाह’पर्यंत जाते, मराठीत ‘शह देणे’ म्हणताना येतो तो ‘शह’ही त्याच फारसी शब्दाचा आहे. ही भावंडे इंग्रजी कोशात भेटत नाहीत आणि मराठी कोशातही भेटत नाहीत, कारण एक ‘च’मध्ये आहे व दुसरे ‘श’मध्ये.

याच्या उलट प्रकार ‘जिन’ या शब्दाचा आहे. वेचलेल्या कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या यंत्राला इंग्रजीत जे नाव आहे, ते ‘एंजिन’ या शब्दाचे आखूड रूप आहे. वऱ्हाडात त्याचा अर्थ यंत्रावरून कारखान्यावर सरकला आणि कापूस ‘जिनात’ नेऊ लागले, पुढे रुईच्या गाठी बांधणारा प्रेस जोडीला आला तेव्हा जिन-प्रेस असा जोडशब्दही रुळला. ‘जिन’ नावाची दारू इंग्रजीत अगदी तशीच लिहिली जाते, पण तिचे नाव डच भाषेतील ज्युनिपर या झुडपाच्या नावावरून आले आहे. भुताखेतांतला ‘जिन’ अरबी आहे, आणि घोड्याच्या पाठीवरचे ‘जीन’ फारसी आहे, त्यातली वेलांटी दीर्घ असली तरी कोशात ते जवळपासच येते. या सर्वांच्या आधीपासून कारंज्यात वावरत असलेला ‘जिन’ म्हणजे ज्याने रागद्वेष जिंकले तो तीर्थंकर. तो संस्कृतातील ‘जि’ म्हणजे जिंकणे या धातूपासून झाला आहे आणि अपभ्रंश पोथ्यांत तो ‘जिण’ असा दिसतो. जिनमंदिर आणि जिनिंग फॅक्टरी हे दोन्ही शब्द एकाच गावात रोजच्या वापरातले असावेत आणि त्यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नसावा, हे केवळ आद्याक्षरांवर विसंबणाऱ्या अर्थशोधकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

नकार दाखवणाऱ्या इंग्रजी उपसर्गाची गोष्ट थोडक्यात सांगता येते. ‘अन’ या उपसर्गाने सुरू होणारे शब्द इंग्रजी कोशात पानेच्या पाने सलग चालतात, परंतु त्यांचे मराठी अर्थ अनधिकृत, बेकायदा, नापीक, गैरवाजवी, निरुपयोगी, उंचसखल असे कोशभर विखुरतात, कारण मराठीने नकारासाठी संस्कृत आणि फारसी अशा दोन्ही पेढ्यांवरून उचल केली आहे. त्यातही वऱ्हाडासारख्या दीर्घकाळ मुसलमानी अमलाखाली राहिलेल्या प्रांताच्या महसुली भाषेत फारसी उपसर्गांचे पारडे जड असणे स्वाभाविक होते.

आद्याक्षराचा क्रम इंग्रजांनी आणला, असा मात्र समज करून घेऊ नये. संस्कृत कोशपरंपरेत अमरकोश विषयवार लावलेला आहे : स्वर्ग, दिशा, काळ, भूमी, नगर, वनौषधी असे वर्ग आणि प्रत्येकात समानार्थी शब्दांचे श्लोक, कारण तो पाने उलटण्यासाठी नव्हे तर तोंडपाठ करण्यासाठी रचला होता. अनेक अर्थांच्या शब्दांसाठी त्यात जो स्वतंत्र वर्ग आहे, तेथे शब्द पहिल्या नव्हे तर शेवटच्या व्यंजनावरून लावलेले आहेत. आधी ‘क’ने संपणारे, मग ‘ख’ने संपणारे, असा तो क्रम आहे. आद्याक्षराला खरा मान दिला तो बाराव्या शतकातील जैन आचार्य हेमचंद्राने. संस्कृतावरून ज्यांची व्युत्पत्ती लागत नाही अशा देशी शब्दांचा ‘देशीनाममाला’ हा त्याचा कोश आठ वर्गांत विभागलेला असून, स्वरांनी सुरू होणारे शब्द आधी, मग क-वर्ग, च-वर्ग असा क्रम आहे आणि प्रत्येक अक्षराखाली दोन अक्षरी, तीन अक्षरी अशा वाढत्या लांबीने शब्द येतात. दुसऱ्या अक्षराचा क्रम लावण्याऐवजी अक्षरे मोजण्याची ही युक्ती कॉड्रीच्या सुमारे साडेचारशे वर्षे आधीची आहे आणि पाठांतराच्या दृष्टीने ती अधिक सोयीची होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

हेमचंद्राच्याही आधी, विक्रम संवत १०२९ म्हणजे इसवी सन ९७२च्या सुमारास, धनपालाने धारानगरीत आपली धाकटी बहीण सुंदरी हिच्यासाठी ‘पाइयलच्छीनाममाला’ हा प्राकृत कोश रचला आणि माळव्याच्या सैन्याने मान्यखेट लुटले त्या वर्षी तो पुरा झाला, अशी नोंद त्याने कोशातच केली आहे. मान्यखेट म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी, आजचे कर्नाटकातील मळखेड. त्याच नगरात भरत व नन्न या पितापुत्र मंत्र्यांच्या आश्रयाने पुष्पदंत हा अपभ्रंश महाकवी लिहीत होता. त्याचे महापुराण ९६५ साली पूर्ण झाले होते. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि आजच्या देशी भाषा यांच्यामधला टप्पा. पुष्पदंताच्या काव्यांच्या पोथ्या पुढे ज्या थोड्या ठिकाणी टिकल्या त्यांत कारंजा हे एक ठळक ठिकाण होय.

कारंज्यात बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठासंघ या दिगंबर जैनांच्या तीन परंपरांची मंदिरे आहेत आणि भट्टारकांच्या, म्हणजे मठाधिपती आचार्यांच्या, देखरेखीखाली तेथे ग्रंथभांडारे वाढली. गाव श्रीमंत व्यापाऱ्यांचे होते. १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेने सुरतेपाठोपाठ कारंजाही लुटले, यावरून त्याच्या संपत्तीची कल्पना येते. पोथ्या लिहवून घेणे हे या व्यापारी घराण्यांत पुण्यकर्म मानले जाई, आणि तोच पैसा व तीच श्रद्धा विसाव्या शतकात छापखान्याकडे वळली. मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत पोथ्यांची रायबहादूर हिरालाल यांची सूची १९२६ साली निघाली आणि कारंज्याचे धन विद्वानांच्या नजरेस आले. पाठोपाठ अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमालेत प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ साली प्रसिद्ध झाले, आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली व ‘करकंडचरिउ’ १९३४ साली संपादित केले. रायबहादूर हिरालाल आणि प्राध्यापक हिरालाल जैन या निराळ्या व्यक्ती आहेत. नावाच्या सारखेपणामुळे त्यांची गल्लत होऊ नये.

या संपादनांना शब्दसूची जोडलेल्या आहेत आणि पुष्पदंताचे शब्द आद्याक्षराने लावले की काय होते, ते ग्रंथांच्या नावांवरूनच कळते. ‘णायकुमार’ म्हणजे नागकुमार आणि ‘जसहर’ म्हणजे यशोधर. अपभ्रंशात शब्दारंभीचा ‘न’ सहसा ‘ण’ लिहिला जातो आणि ‘य’चा ‘ज’ होतो. त्यामुळे नर, नगर, नाथ हे शब्द शोधणाऱ्या मराठी वाचकाला ‘ण’खाली जावे लागते, जेथे आजच्या मराठीत जवळजवळ एकही शब्द सुरू होत नाही, आणि यश, यम, यौवन हे शब्द त्याला ‘ज’खाली, त्या जिणाच्या शेजारी, सापडतात.

खुद्द जिल्ह्याच्या नावानेही असाच अक्षरबदल सोसला आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म ते हेच वाशिम. येथील राजा सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य लिहिले आणि या नगरावरून ‘वच्छोमी’ या काव्यरीतीला नाव पडले, जिचा उल्लेख राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’त केला आहे. मोगल दप्तरात मात्र ‘व’चा ‘ब’ होऊन सरकार बासिम झाले आणि इंग्रजांनी तेच पुढे चालवले. बासिम जिल्हा १९०५ साली मोडला गेला, त्याचा पुसद तालुका यवतमाळकडे व उरलेला भाग अकोल्याकडे गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा पुन्हा वेगळा झाला. इंपीरियल गॅझेटियरच्या १९०८च्या आवृत्तीत वाशिमची माहिती शोधणाऱ्याने म्हणून ‘डब्ल्यू’ अक्षराचा चोविसावा खंड काढण्याचे श्रम घेऊ नयेत. ती सातव्या खंडात ‘बी’खाली आहे, आणि त्याच खंडात ‘बॅसीन’ या एकाच लेखनाखाली आलेली वसई व ब्रह्मदेशातील त्याच नावाचे शहर यांच्याशी तिची गल्लत होणार नाही, एवढे मात्र पाहावे.