इंजिनाच्या ढेकराचा डबा

डबा जेमतेम पाण्याच्या पेल्याएवढा. मिस्त्रीने त्याचा तळ फिरवून काढला आणि आतला ऐवज प्लास्टिकच्या मगात ओतला. ऑइल म्हणावं तर काळं नव्हतं. दूध जास्त झालेल्या कॉफीचा रंग, वर साय धरल्यासारखा थर आणि नाकात जाणारा पेट्रोलचा वास. "साहेब, हे सगळं इंजिन प्यायलं असतं," तो म्हणाला. गाडी टर्बो पेट्रोल, महिना डिसेंबर, धावणं घर ते ऑफिस एवढंच. इंजिन नीट तापायच्या आत प्रवास संपतो. मग वाफेचं पाणी होतं आणि ऑइलशी घुसळून त्याचं असं ताक बनतं.

हा ऑइल कॅच कॅन. आज तो टर्बो गाड्यांच्या शौकिनांचा दागिना आहे, पण जन्मला भलत्याच कामासाठी.

इंजिन पहिल्यापासून ढेकर देत आलंय. पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असोत, जळलेला थोडा वायू त्यांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. वाट दिली नाही तर तो ऑइल सीलमधून स्वतःची वाट काढतो. म्हणून जुन्या इंजिनांना एक उघडी नळी, म्हणजे ब्रीदर, असे; खालचं तोंड तिरकं कापलेलं, गाडीच्या पोटाखाली लोंबणारं. गाडी पळाली की वाऱ्याच्या ओढीने वाफ बाहेर. अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर प्रत्येक लेनच्या मधोमध ऑइलचा काळा पट्टा उमटे, तो या नळ्यांमुळे. जुन्या बुलेटवाल्याला हे सांगायला नको. ब्रीदरने रात्रभरात काय केलंय ते त्याला सकाळी फरशीवरच दिसतं.

रस्त्यावर खपून गेलं ते शर्यतीत खपेना. वळणावर पुढच्याच्या नळीतून ऑइल सांडलं की मागचा थेट कठड्यावर. म्हणून उघड्या ब्रीदरचं तोंड डब्यातच सोडा, असा नियम आला. शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या एफआयएच्या नियमावलीत त्याचं मापही आहे: 2000 सीसीपर्यंत किमान 2 लिटर, त्यापुढे 3 लिटर. शिवाय डबा अर्धपारदर्शक हवा, नाहीतर त्याला पारदर्शक खिडकी हवी. म्हणजे हा डबा मुळात दुसऱ्याच्या टायरांसाठी. ज्याचा ढेकर, त्या इंजिनाचा त्यात काडीचा फायदा नव्हता.

इकडे लॉस एंजेलिसवर धुरकं साचत होतं. अननसाच्या वासाचं रसायनशास्त्र तपासणारे कॅलटेकचे आरी हागेन-स्मिट त्याच्या मागे लागले आणि 1950च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं, की न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की हे धुरकं तयार होतं. त्या हायड्रोकार्बनमधला बराच वाटा, एक्झॉस्टखेरीज, या ढेकराचाही होता. 1961च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांत नळी फिरवून इनटेकला जोडली गेली, मध्ये एक छोटा व्हॉल्व्ह, पीसीव्ही. आपला ढेकर आपणच गिळायचा! माझ्या मते मोटारींच्या इतिहासातली ही सर्वांत स्वस्तातली शहाणी दुरुस्ती. साध्या इंजिनाला ती पचलीही, कारण त्याच्या इनटेकमध्ये ओढ असतेच.

टर्बोने घोळ केला. टर्बो हवा कोंबायला लागला की इनटेकमध्ये ओढ उरत नाही, उलटा दाब येतो. पीसीव्ही बंद होतो, आणि नेमका त्याच वेळी सिलिंडरमधला दाब वाढल्याने ढेकरही वाढतो. मग ती वाफ दुसऱ्या नळीने टर्बोच्या तोंडाशी जाते, कंप्रेसरमधून इंटरकूलरमध्ये, आणि तिथे तळाला ऑइल साचतं. ऑइलचा ऑक्टेन कमी, त्यामुळे सिलिंडरमध्ये भरलेल्या मिश्रणात ते मिसळलं की नॉकिंगला, म्हणजे मिश्रण अवेळी पेटण्याला, निमंत्रण. त्यात डायरेक्ट इंजेक्शन आलं. पूर्वी पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडून तिला धूत असे; आता ते थेट सिलिंडरमध्ये जातं आणि व्हॉल्व्हवर काजळी चढत राहते. ती काढायला अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या झोताने मारतात.

म्हणून शर्यतीचा डबा परत आला; या वेळी मात्र इंजिनाच्याच पोटासाठी, आणि बंद नळीत, ढेकर इनटेककडे जाण्याआधी मध्येच अडवायला. आत जाळी किंवा आडव्या पट्ट्या हव्यात. वायू मंदावला, थंड झाला, की थेंब जाळीला धरतात. बाजारात चकचकीत अ‍ॅनोडाइज्ड डबे मिळतात, त्यातले कित्येक आतून रिकामे. एका बाजूने शिरलेली वाफ दुसऱ्या बाजूने तशीच बाहेर. शिवाय हल्लीच्या बहुतेक गाड्यांत कंपनीचा सेपरेटर असतोच. शहरात शांतपणे चालवणाऱ्याने आधी ऑइल वेळेवर बदलावं, डब्याचं नंतर बघावं. आणि डबा लावलाच, तर तो रिकामा करण्याचा कंटाळा करून चालत नाही.

मिस्त्रीने तळ घट्ट बसवला, होजच्या क्लिपा तपासल्या, हात पुसले. नंतर तो मग उचलला आणि मी काही म्हणायच्या आत गॅरेजसमोरच्या रस्त्यावर उपडा केला.