केळ्याला मिळालेले श्रेय

फैजपूर म्हटले की इतिहासप्रेमींना १९३६ चे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन आठवते. आजचा धागा मात्र गावाभोवतीच्या केळीच्या बागांवरून सुचला.

१९२४ साली न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी सीलिअॅक आजाराच्या दहा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. सततचे जुलाब, फुगलेले पोट, काडीसारखे हातपाय. आठ मुलांना केळ्यांचा आहार दिला, ती सावरली. उरलेली दोन दगावली. केळे हेच औषध, असा समज रूढ झाला. वस्तुतः त्या आहारात पाव वर्ज्य होता, आणि खरी मेख तिथेच होती! बरी झालेली म्हणून मुले पुन्हा गहू खात आणि आतड्याची हानी चालूच राही.

गव्हाविषयी नेदरलँड्सचे डॉक्टर विलेम डिके यांना संशय होताच. महायुद्धातील १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव दुर्मीळ झाला, तेव्हा त्यांचे बालरुग्ण सुधारले. पाव परतताच खालावले. १९५० च्या प्रबंधात त्यांनी गव्हावर बोट ठेवले. दोषी ठरले त्यातील ग्लुटेन. ही रूढ अर्थाची अॅलर्जी नव्हे. ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणाच आतड्यावर उलटते.

खानदेशी कळण्याची भाकरी ज्वारी-उडदाची, तिच्यात ग्लुटेन नसते. खापरावरचे मांडे मात्र गव्हाचे. तरीही संशय येताच मांडे सोडून भाकरीवर येण्याची घाई करू नये. निदानाची रक्ततपासणी गहू आहारात असतानाच करावी लागते. आधीच तो सोडल्यास रक्तातील प्रतिपिंडे ओसरतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.