डीएससी डोंगल: वर नाव एकाचं, बनवणारा दुसराच

मोर्शी तालुक्यातल्या ग्रामपंचायतीला वित्त आयोगाच्या निधीतून कामाचे पैसे द्यायचे असतील, तर दोन डोंगल लागतात. एक सरपंचाचं, दुसरं ग्रामपंचायत अधिकाऱ्याचं, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाचं. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दोघांची डिजिटल सही झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. संत्रा उत्पादकांच्या शेतकरी कंपनीचे संचालक, ई-निविदा भरणारे ठेकेदार आणि सातबारावर डिजिटल सही करणारे तलाठी यांनाही हेच यंत्र लागतं.

डोंगलच्या आत काय असतं?

दिसायला पेनड्राइव्ह, पण आत असते सुरक्षित चिप आणि तिच्यात सहीची खासगी किल्ली. पिन टाकला की चिप आतल्या आत सही करून देते. किल्ली कॉपी करून बाहेर काढता येत नाही.

गुगल किंवा ईमेल खात्यासाठी मिळणारी 'सिक्युरिटी की' याच जातीची, पण तिचं काम वेगळं. ती सही करत नाही, लॉगिन करते. ती खऱ्या वेबसाइटच्या पत्त्याशी बांधलेली असल्याने बनावट वेबसाइटवर चालत नाही.

मग बनवतं कोण?

प्रमाणपत्र देणारी कंपनी आणि डोंगल बनवणारी कंपनी सहसा वेगळी असते. ईमुद्रा किंवा कॅप्रिकॉर्न या परवानाधारक कंपन्या प्रमाणपत्र देतात. भारतात सर्रास दिसणारं 'ईपास २००३' हे डोंगल मात्र बीजिंगच्या फेशियन कंपनीचं आहे आणि 'प्रॉक्सकी' वॉचडेटाचं.

मोठ्या नावांचंही तसंच आहे. गुगलने २०१८ मध्ये 'टायटन' की विकायला काढली, ती फेशियनने बनवलेली होती. २०१९ मध्ये टायटनच्या ब्लूटूथ कीमध्ये जोडणीचा दोष सापडला आणि गुगलने त्या फुकट बदलून दिल्या. त्याच वर्षी आलेली यूएसबी-सी टायटन युबिको या दुसऱ्याच कंपनीने बनवली. नाव तेच, कारखाना वेगळा.

घरबसल्या कसं तपासाल?

विंडोजमध्ये डोंगल लावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या 'डिटेल्स'मध्ये जाऊन 'हार्डवेअर आयडी' बघा. 'व्हीआयडी'नंतरचे चार अंक-अक्षरं कंपनीची ओळख सांगतात. ०९६ई म्हणजे फेशियन, १०५० म्हणजे युबिको. हा पक्का पुरावा नाही, कारण दुसऱ्याकडून बनवून घेणारी कंपनी स्वतःचा क्रमांकही टाकू शकते.

दुसऱ्याकडून बनवून घेणं म्हणजे फसवणूक नव्हे. डोंगल 'फिप्स १४०-२ लेव्हल २' या अमेरिकी मानकाचं आहे का, हे महत्त्वाचं. भारतात डीएससीसाठी किमान तेवढी पातळी लागते.

खरा धोका कुठे?

अनेक ठिकाणी डोंगल आणि पिन दोन्ही संगणक परिचालकाकडे किंवा सीएच्या कपाटात असतात. तिथे कोणत्याही कंपनीची चिप उपयोगाची नाही, कारण यंत्राला माणूस ओळखता येत नाही, पिन ओळखता येतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी सहीच्या मालकानेच घ्यायची असते. दुसऱ्याची डिजिटल सही अप्रामाणिकपणे वापरली, तर कलम ६६सी नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

म्हणून डोंगल हातात आलं की आधी पिन बदला आणि तो कुणालाही सांगू नका. डोंगल हरवलं, तर प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीला लगेच कळवून ते रद्द करून घ्या.