पोहरा, गळ आणि समुद्रतळाची तेलविहीर

विहिरीत पोहरा पडला तर आपण काय करतो? दोराला लोखंडी गळ बांधून पाण्यात सोडतो, चाचपडत पोहरा अडकवतो आणि वर ओढून घेतो. पोहऱ्याकरिता माणसाला खाली उतरविणे शहाणपणाचे नव्हे, हे खेड्यातील पोरालाही ठाऊक असते. समुद्राच्या तळावर तेलविहिरी बांधणाऱ्या बलाढ्य कंपन्यांना मात्र हे साधे शहाणपण अंगी बाणवावयास जवळजवळ पाव शतक लागले. त्याचीच हकीगत आज सांगावयाची आहे.

समुद्रातील तेल काढण्याची जुनी रीत म्हणजे पाण्यात पोलादी मनोरा उभारून विहिरीचे तोंड त्यावर आणणे. पाणी जसजसे खोल तसतसा मनोऱ्याचा खर्च भरमसाट वाढतो. लहान तेलसाठ्याला तो परवडत नाही. म्हणून विहिरीचे तोंड व झडपा तळावरच ठेवून तेल नळाने न्यावे, ही कल्पना निघाली. मनोऱ्याचा खर्च वाचला. पण तळावरची झडप बिघडली तर ती दुरुस्त कोणी करावी?

पहिले उत्तर १९६२ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या समुद्रात पुढे आले. शेल कंपनीने ह्यूज कंपनीकडून ‘मोबॉट’ नावाचे यंत्र बनवून घेतले. ते पाण्यात पोहत जाई, विहिरीच्या तोंडाभोवतीच्या कड्यावर बसे आणि पान्याने बोल्ट फिरवी. कल्पना काळाच्या पुढची होती. पण विहीरही त्या यंत्राच्या सोयीने बांधावी लागे. तेवढ्यात पाणबुड्यांना दिवसचे दिवस दाबाखाली ठेवण्याची विद्या साध्य झाली. माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडला आणि मोबॉट मागे राहिला.

हे ‘स्वस्त’ म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. १५० मीटरवर तो पृष्ठभागाच्या सोळापट होतो. अशा दाबाखाली श्वासातील वायू रक्तात विरघळतो. सोडावॉटरची बाटली उघडताच फेस उसळतो, तद्वत् दाब एकाएकी उतरला तर शरीरात बुडबुडे होतात. म्हणून पाणबुड्याला बंद कोठीत कित्येक दिवस राहून तो दाब हळूहळू उतरवावा लागतो. ५ नोव्हेंबर १९८३ रोजी उत्तर समुद्रातील फ्रिग क्षेत्रात, ‘बायफर्ड डॉल्फिन’ या तरंगत्या मंचावर अशा कोठीचा सांधा अवेळी सुटला. नऊ वातावरणांचा दाब क्षणार्धात एकावर आला. चार पाणबुडे व त्यांचा एक मदतनीस प्राणास मुकले. उत्तर समुद्रातील इतर अनेक पाणबुड्यांना पुढे आजारांनी गाठले. नॉर्वेने त्यांच्यासाठी भरपाईची योजना केली ती २००४ मध्ये. आणि त्यांना धोक्याची पुरेशी माहिती मिळेल अशी व्यवस्था त्या देशाने केली नव्हती, असा निकाल मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. हा सारा खर्च पूर्वीच्या हिशेबात मांडलेलाच नव्हता. म्हणून माणूस स्वस्त दिसत होता.

दरम्यान दुसरी वाट चालू होती. १९८२ मध्ये शेल व एस्सो यांनी शेटलंड बेटांच्या ईशान्येस, कॉर्मोरंट क्षेत्रात, १५० मीटर खोलीवर सुमारे २,२०० टनांचा एक सांगाडा बसविला. त्यावर रूळ होते. वरून सोडलेले यंत्र रुळावरून फिरून बिघडलेले भाग बदली. पाणबुड्यावाचून काम होते, हे सिद्ध झाले. पण एवढा डोलारा लहान साठ्याला झेपणारा नव्हता. त्यातच १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळून निम्म्यावर आले. आता काटकसरीवाचून गत्यंतर उरले नाही.

येथे अभियंत्यांनी प्रश्नच बदलला. तळावर दुरुस्ती कशी करावी, याऐवजी तळावर दुरुस्ती करावीच कशाला, असे ते विचारू लागले. वारंवार बिघडणारी नियंत्रणाची साधने एका पेटीत एकवटावी. पेटी बिघडली की जहाजावरून उचलावी, दुसरी सोडावी. हाच आपला गळ! झडपांच्या मुठींची मापे ठरून गेली, तसे तारेने चालविलेले कोणतेही लहानसे वाहन कोणत्याही विहिरीच्या कामी येऊ लागले. १९८६ मध्येच ब्राझीलच्या पेट्रोब्रास कंपनीने १,००० मीटर खोलीसाठी संशोधन हाती घेतले. तेथे पाणबुड्याचा प्रश्नच नव्हता. खुल्या समुद्रात फ्रेंच पाणबुड्यांनी १९८८ मध्ये गाठलेली विक्रमी खोलीदेखील ५३४ मीटर होती. त्याच वर्षी, जेथे ते पाच जण गेले त्या फ्रिगच्या शेजारी, ईस्ट फ्रिग हे वायुक्षेत्र पाणबुड्यांवाचून चालणाऱ्या यंत्रणेने सुरू झाले.

हा बदल केवळ भूतदयेने झाला, असे म्हणणे खरे होणार नाही. खोलीने आणि पडलेल्या भावाने तो घडविला. उथळ पाण्यात आजही पाणबुडे उतरतात. तेव्हा कोणी एखादे काम स्वस्तात होते असे सांगू लागला, तर त्याचा हिशेब मागावा आणि विहिरीत कोणाला उतरविले आहे, तेवढे आधी विचारावे.