सातबाऱ्यात न सापडणारं गाव

वणी तालुक्यात वर्धा नदीच्या अंगाला निघालात तर वाटेत मातीचे मोठाले डोंगर दिसतील. ते ओपनकास्ट खाणींचे ढिगारे, अलीकडचे. आमच्या गावची खाण त्याआधीची, जमिनीखालची. वरून पाहाल तर नुसती पऱ्हाटी अन् तूर. पण पंचक्रोशीत आजही आमच्या गावाचं नाव कोणी घेत नाही. "कॉलरीवर जाऊन राहिलो," असंच म्हणतात.

या पट्ट्यात इंग्रजांनी कोळशाला हात घातला तो वरोऱ्याला, १८७१ साली. त्या कोळशासाठीच वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली. १९०६ ला वरोऱ्याची खाण बंद पडली, तोवर बल्लारपूरला काम लागलं होतं. पुढं घुग्गुस, माजरी, राजूर. पुस्तकात एवढं मिळतं. खाली कोण उतरलं, ते म्हाताऱ्यांना विचारावं लागतं.

आम्ही शेतकरी उतरलो नाही, हे सरळ सांगतो. "जित्या माणसानं मातीखाली काहून जावं?" असं आमचा आजा म्हणे. म्हणून माणसं आली ती बिलासपूरकडून, गोरखपूरकडून, तेलंगणातून. बायाही उतरत, डोक्यावर टोपली घेऊन. १९३७ पासून बायांना खाली उतरायची बंदी झाली. पण लढाईत कोळसा कमी पडू लागला तशी १९४३ मध्ये सरकारनं बंदी उठवली, अन् १९४६ ला पुन्हा घातली. म्हणजे गरज होती तोवर बाईला अंधार चालत होता.

खालचं काम कसं, ते मी ऐकून ऐकून शिकलो. कोळसा एकदम सगळा काढत नाहीत. गल्ल्या पाडत जायचं अन् मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे, त्यांच्यावर छत तोललेलं. शेवटी परत फिरताना ते खांबही काढून घ्यायचे. त्याला डिपिलरिंग म्हणतात, अन् तेच सगळ्यात जिवावरचं. रिकाम्या जागेत नदीची वाळू पाण्याबरोबर सोडून भरतात, नाहीतर छत बसू देतात. छत बसलं की वरचं वावरही बसतं. रात्री खाली बार उडाला की आमच्या घरी फळीवरची भांडी वाजायची. आई झोपेतच म्हणे, "तिसरी पाळी लागली."

१ मे १९७३ ला दगडी कोळशाच्या खाणी सरकारी झाल्या. मी तेव्हा शाळेत होतो. ठेकेदाराची हाजिरी गेली, बांधलेला पगार आला, क्वार्टर आले, दवाखाना आला. कालपर्यंत कॉलरीवाल्यांना नाक मुरडणारे आमचे लोक आता जमिनीच्या बदल्यात नोकरी मिळते का म्हणून कागद घेऊन हिंडू लागले. घड्याळ कोणाकडं होतं? भोंगा वाजला की ढोरं सुटायची, भोंग्यावर शाळा भरायची. पगाराच्या आठवड्यात बाजारात पाय ठेवायला जागा नसे.

सणांना तर तोटाच नव्हता. आमचा पोळा, तेलुगू बायांची बतकम्मा, दिवाळीत बिलासपुरी लोकांची गौरा-गौरी, मग नाल्यावर छठपूजा. १४ एप्रिलची मिरवणूक क्वार्टरांतून निघे अन् गावातून फिरे. माझी आई शेजारच्या बिलासपुरी बाईकडून तांदळाच्या पिठाचा फरा शिकली. आमच्या घरी तो आजही होतो, आणि नातवंडं त्याला आपलाच पदार्थ समजतात.

मग कोळसा परवडेना, खाण बंद झाली. पंप थांबले तसं खालच्या गल्ल्यांत पाणी भरलं. माझ्या वावराचा एक कोपरा मात्र त्याआधीच कमरेइतका खचला होता. पावसाळाभर तिथं पाणी साचे, पऱ्हाटी सडे. भरपाईसाठी खूप फिरलो, मिळाली नाही. एका निवृत्त लोडरनं बांधावर उभं राहून सांगितलं, "भाऊ, हे तर धानाचं बांधी झालं." त्यानंच गावाकडून बियाणं आणून दिलं. बारा-तेरा वर्षं झाली, तिथं मी धान घेतो. कापसाच्या मुलखात धान म्हणून लोक हसतात, पण घरचा भात त्याच तुकड्यातला असतो.

आता त्या लोडरच्या घराला नोटीस लागली आहे. क्वार्टर कंपनीचे, खाण बंद, जागा खाली करा. त्याचा बाप इथं गेला, पोरं इथं शिकली, पण सातबारा नाही. माझ्याकडं सातबारा आहे, अन् खाली पोकळी. कागद फक्त वरचं सांगतो.

ग्रामसभेत आमच्यातलेच दोघं-तिघं म्हणाले, "ते बाहेरचे, गेले तर आपलं काय?" मी उठून एवढंच विचारलं की भोंगा बंद झाल्यावर गावातलं दुकान, शाळा अन् एसटी कोणाच्या जिवावर टिकली. शाळेच्या पटावर निम्म्याहून जास्त नावं क्वार्टरांतली आहेत. ती गेली की शाळा राहत नाही. ठराव मंजूर झाला, घरं त्यांच्या नावानं करा म्हणून. सध्या तो तहसिलात आहे. दर सोमवारी आम्ही दोघं वणीला जाऊन विचारून येतो.